मुंबई उच्च न्यायालयाची रचना आणि न्यायमूर्तींची निवड : कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या निमित्ताने

कृष्णाकाठ

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे मुख्यपीठाबाहेर भरणाऱ्या पीठाचे, कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी चार दशके मागणी लावून धरली होती. मी सांगली जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि या मागणीसाठी झालेल्या काम बंद आंदोलनांत सहभागी होतो, त्यामुळे माझा आनंद वेगळा सांगायला नको. तरीही या मंचावर हा धागा काढण्यामागे एक अस्वस्थता आहे. खंडपीठ कुठे असावे यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, मात्र त्या खंडपीठात बसणारे न्यायमूर्ती कोण ठरवतो, किती दिवसांत ठरवतो आणि उशीर झाल्यास त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न आपण कधी तितक्या आग्रहाने विचारलेच नाहीत. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत.

आधी रचना पाहू. ब्रिटिश संसदेच्या १८६१ च्या कायद्याने आणि २६ जून १८६२ च्या सनदेने स्थापन झालेले हे न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी मुंबई शहरापुरते एक सर्वोच्च न्यायालय होते आणि बाकीच्या इलाख्यासाठी सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालत होत्या. त्या सगळ्यांचे विलीनीकरण होऊन उच्च न्यायालय तयार झाले. त्या जोडणीची खूण आजही कायम आहे. मुंबईत ओरिजिनल साइड (थेट दाखल होणारे दावे ऐकणारी) आणि अपेलेट साइड (अपिले ऐकणारी) अशा दोन शाखा आहेत. मुंबई शहरातील मोठ्या रकमेचे दिवाणी दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात. ही मर्यादा २०१२ मध्ये १ कोटी रुपये झाली आणि २०२४ पासून ती १० कोटींवर नेण्यात आली, म्हणजे त्याखालचे दावे आता नगर दिवाणी न्यायालयात जातात. सांगलीतला दावा कितीही रकमेचा असला तरी तो आधी आमच्याकडच्या दिवाणी न्यायालयातच चालतो आणि उच्च न्यायालयात अपिलाच्या रूपाने पोहोचतो.

या न्यायालयाचा अधिकार महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव एवढ्या प्रदेशावर आहे. मुख्यपीठ मुंबईत असून नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे खंडपीठे आहेत, आणि आता कोल्हापूरचे सर्किट बेंच त्यात जमा झाले आहे. मात्र या चौघांचा कायदेशीर आधार एक नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ पोटकलम २ नुसार कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थापन होते. पोटकलम ३ नुसार मात्र मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने न्यायमूर्तींच्या बैठकीसाठी आणखी ठिकाणे नेमू शकतात. कोल्हापूरची १ ऑगस्ट २०२५ ची अधिसूचना या तिसऱ्या पोटकलमाखालची आहे. छत्रपती संभाजीनगरची सुरुवातही अशीच झाली होती. ऑगस्ट १९८१ मध्ये तिथे बैठक सुरू झाली, त्याला आव्हान मिळाले, मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि १९८४ मध्ये त्याला कायम खंडपीठाचा दर्जा मिळाला.

आता संख्या पाहा. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मंजूर पदे ९४ आहेत; त्यांपैकी ७१ कायम आणि २३ अतिरिक्त, म्हणजे मर्यादित मुदतीची. कोल्हापूरसाठी या ९४ मध्ये एकही पद वाढलेले नाही. तिथे एक द्विसदस्यीय खंडपीठ आणि दोन एकलपीठे बसवायची तर किमान चार न्यायमूर्ती लागतात, आणि ते मुंबईच्या वाट्यातूनच येतात. राज्यात ज्या दिवशी वीस-पंचवीस पदे रिकामी असतात, त्या दिवशी हा वाटा कुठून ना कुठून तोडून द्यावा लागतो. म्हणून मी म्हणतो की नियुक्त्यांचा प्रश्न हा दिल्लीतला तात्त्विक वाद नसून तो कोल्हापूरच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या प्रकरणांच्या यादीत, दिसणारा प्रश्न आहे.

वैदर्भी

कृष्णाकाठ, आपण मांडलेला कायदेशीर आधाराचा मुद्दा विदर्भातील लोकांना चांगलाच ठाऊक आहे, कारण आम्ही तो अनुभवातून शिकलो. नागपूरला १९३६ पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते. १९५६ च्या पुनर्रचनेत मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या वेळी नागपूरला उच्च न्यायालयाचे पीठ राहील, हे वऱ्हाड-नागपूरच्या नेत्यांनी लिहून घेतले होते. पुढे मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० च्या कलम ४१ मध्ये ते कायद्याच्या शब्दांत आले. त्या कलमात विदर्भातील जिल्ह्यांची नावे आहेत आणि नागपूरला किमान तीन न्यायमूर्ती बसतील असे स्पष्ट म्हटले आहे.

हा किमान आकडा आज लहान वाटतो, कारण नागपूरला प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक न्यायमूर्ती असतात. तरीही तो कायद्यात आहे, आणि म्हणून कोणत्याही मुख्य न्यायमूर्तींना नागपूरचे पीठ बंद करता येत नाही. कोल्हापूरला असे संरक्षण नाही. आपल्या भागातील मंडळींनी कोल्हापुरातील शेंडा पार्कच्या जागेवर खंडपीठाची इमारत उभी राहण्याची वाट पाहावी, पण त्याच वेळी कलम ५१ पोटकलम २ खालच्या आदेशासाठीही पाठपुरावा करावा, असे मला मनापासून वाटते. इमारत उभी असली तरी न्यायमूर्ती किती द्यायचे ते त्या त्या वेळचे मुख्य न्यायमूर्तीच ठरवणार.

मांडवीतीर

गोव्याविषयी एक भर घालतो. पोर्तुगीज काळात गोव्यात रेलासांव नावाचे वरिष्ठ न्यायालय होते, मुक्तीनंतर त्याच्या जागी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय आले, आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे पणजी खंडपीठ सुरू झाले. त्यासाठी संसदेने १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि त्यातही पणजीला किमान दोन न्यायमूर्ती बसतील अशी तरतूद आहे. १९८७ मध्ये गोवा राज्य झाल्यावरही हेच उच्च न्यायालय दोन्ही राज्यांचे सामायिक न्यायालय म्हणून राहिले. आज खंडपीठ पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे.

आमची अडचण थोडी वेगळी आहे. गोव्यात दिवाणी संहितेचा पोर्तुगीज वारसा चालू आहे. विवाहातील संपत्तीची सामायिक मालकी, वारसांसाठी राखीव हिस्सा, इन्व्हेंटरीची (वारसांत मालमत्ता वाटण्याची) कार्यवाही, या गोष्टी मुंबईत किंवा नागपुरात वाढलेल्या वकिलाला शिकाव्याच लागतात. म्हणून न्यायमूर्ती कुठल्या बारमधून, म्हणजे कुठल्या वकीलवर्गातून, आले आहेत याला आमच्यासाठी फार महत्त्व आहे. कॉलेजियमच्या (नेमणुकीसाठी नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या) शिफारशींत गोव्याच्या बारमधले नाव किती वर्षांनी येते, हे आम्ही नेहमी बारकाईने पाहतो. शिफारशीची सुरुवात नेमकी कशी होते, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

कृष्णाकाठ

वैदर्भी, किमान संख्येचा मुद्दा मी यापुढे प्रत्येक सभेत मांडणार आहे, आभार.

मांडवीतीर, प्रक्रिया अशी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ नुसार उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपती करतात, आणि त्यासाठी भारताचे सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करावा लागतो. पात्रता फार सोपी आहे : भारताचे नागरिकत्व आणि दहा वर्षे न्यायिक पद किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली. निवृत्तीचे वय ६२ आहे. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीपूर्वी ते ६० होते.

घटनेत फक्त ‘विचारविनिमय’ होता. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंतिम शब्द सरकारचा मानला. ६ ऑक्टोबर १९९३ च्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो शब्द न्यायव्यवस्थेकडे घेतला आणि २८ ऑक्टोबर १९९८ च्या अभिप्रायात आजच्या कॉलेजियमचा आकार ठरला. संसदेने २०१४ मध्ये नव्याण्णवावी घटनादुरुस्ती करून कॉलेजियमऐवजी राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने रद्द झाला. त्या एका मतात न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी कॉलेजियमच्या अपारदर्शकतेवर कठोर टीका केली, आणि ती आजही वाचण्यासारखी आहे.

प्रत्यक्ष फाइल अशी फिरते. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती मिळून उच्च न्यायालयाचे कॉलेजियम होते. पद रिकामे होण्याच्या किमान सहा महिने आधी त्यांनी नाव पाठवावे अशी अपेक्षा आहे. वकिलाचे नाव असेल तर त्याचे उत्पन्न आणि त्याने चालवलेल्या, छापून आलेल्या निकालांची यादी सोबत जाते. वय साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान पाहिले जाते. प्रस्ताव मुख्यमंत्र्यांकडे, राज्यपालांकडे आणि केंद्रीय कायदेमंत्र्यांकडे जातो. राज्याने सहा आठवड्यांत मत कळवायचे असते. इंटेलिजन्स ब्युरो ही केंद्राची गुप्तचर यंत्रणा चौकशी करते. मग सगळे कागद सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमकडे येतात. उच्च न्यायालयांच्या नेमणुकीसाठी त्यात सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती असतात, आणि ज्यांना त्या उच्च न्यायालयाची माहिती आहे अशा सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींचे मत ते घेतात. सरकार एकदा नाव परत पाठवू शकते. कॉलेजियमने पुन्हा तेच नाव पाठवले की नेमणूक करणे सरकारवर बंधनकारक आहे, असे निकाल सांगतात. पण ती किती दिवसांत करायची हे १९९३ किंवा १९९८ मध्ये कोणी लिहिले नाही, आणि सगळी कोंडी तिथेच झाली.

मुंबईचेच उदाहरण घ्या. अ‍ॅड. सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने ऑक्टोबर २०२१ मध्ये पाठवले. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी शिफारस केली. न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांत मते मांडली, या कारणाने सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते नाव परत पाठवले. कॉलेजियमने १८ जानेवारी २०२३ रोजी, मत व्यक्त केल्याने कोणी घटनात्मक पदाला अपात्र ठरत नाही असे लिहून, शिफारस कायम ठेवली. नेमणूक झाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे फेरशिफारशीनंतरही दहा महिन्यांनी. याच्या उलट, १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईसाठी १४ वकिलांची शिफारस झाली आणि पंधरवड्याच्या आत त्यांच्या नेमणुकाही झाल्या. सरकारला वेगाने काम करता येते हे यावरून सिद्ध होते. मग एका नावाला पंधरा दिवस आणि दुसऱ्याला दहा महिने का, याचे उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

जुना बेंच क्लार्क

मी न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालो आहे. वकिलांच्या नेमणुकीवर चर्चा होते, पण जिल्हा न्यायव्यवस्थेतून वर जाणाऱ्यांचा विचार कमी होतो, म्हणून लिहितो. प्रथा अशी आहे की उच्च न्यायालयाची साधारण दोन-तृतीयांश पदे बारमधून आणि एक-तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांमधून भरायची. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणून लागलेला अधिकारी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो, वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायाधीश अशा पायऱ्या चढतो आणि त्याचे नाव उच्च न्यायालयासाठी निघेपर्यंत त्याने पंचावन्न ओलांडलेली असते. साडेअठ्ठावन्नच्या आत नाव गेले पाहिजे. समजा सत्तावन्नाव्या वर्षी नाव गेले आणि फाइल दीड वर्ष फिरली, तर त्या माणसाला उच्च न्यायालयात जेमतेम साडेतीन वर्षे मिळतात. वकिलाच्या फाइलला उशीर झाला तर त्याची वकिली चालू राहते. न्यायिक अधिकाऱ्याच्या फाइलला उशीर झाला तर त्याची कारकीर्दच आखडते. ज्याने तीस वर्षे साक्षीपुरावे नोंदवले, त्याची दृष्टी अपिलाच्या टेबलावर असणे फार मोलाचे आहे. ती गमावणे मला खटकते.

इतिहासातही याचा पुरावा आहे. १८६१ च्या कायद्यात किमान एक-तृतीयांश बॅरिस्टर आणि किमान एक-तृतीयांश सनदी अधिकारी अशी वाटणी होती, आणि उरलेल्या जागांवर येथील वकील व कनिष्ठ न्यायाधीश येऊ शकत होते. त्या फटीतून १८८४ मध्ये नानाभाई हरिदास हे या न्यायालयाचे पहिले भारतीय न्यायमूर्ती झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये वकिलीतून आले, आणि त्यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये न्यायखात्यात आयुष्य घालवलेले महादेव गोविंद रानडे त्यांच्या जागी बसले. एकाच खुर्चीवर आधी बार आणि मग सेवा, असा तो क्रम होता.

अतिरिक्त न्यायमूर्तींबद्दलही सांगायला हवे. अनुच्छेद २२४ नुसार ही नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी असते आणि नंतर कायम करण्याचा निर्णय होतो. व्यवहारात जवळजवळ प्रत्येक न्यायमूर्ती आधी अतिरिक्त म्हणूनच येतात. नागपूर खंडपीठातील न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांचा जानेवारी २०२१ चा पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याखालील निकाल सर्वांना आठवत असेल. तो सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला. त्यांना कायम करण्याऐवजी एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या निकालाशी मी मुळीच सहमत नाही. पण चुकीचा निकाल सुधारायला वरचे न्यायालय आहे. निकाल देणाऱ्याला कायम करायचे की नाही हे त्याच काळात टांगते राहिले, तर पुढचे अतिरिक्त न्यायमूर्ती सरकारविरुद्धची याचिका ऐकताना मोकळ्या मनाने बसतील का, हा प्रश्न मला सेवेत असतानाही पडत असे.

फोर्टकर

मुंबईत वकिली करतो. दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो.

पहिली गोष्ट रोस्टरची. कोणते न्यायमूर्ती कोणत्या प्रकारची प्रकरणे ऐकतील, कोण नागपूरला जाईल, कोण कोल्हापूरला, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या मुख्य न्यायमूर्तींचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. प्रकरण एकलपीठापुढे, दोघांच्या खंडपीठापुढे की त्याहून मोठ्या पूर्णपीठापुढे जायचे याचे नियम आहेत. फाशीची शिक्षा कायम करायची तर दोन न्यायमूर्ती लागतात. दोघांत मतभेद झाले तर तिसरे न्यायमूर्ती कोण, हेही मुख्य न्यायमूर्तीच ठरवतात. केंद्र सरकारच्या तथ्यतपासणी कक्षाच्या नियमांना दिलेल्या आव्हानात ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मते विभागली. तिसरे न्यायमूर्ती म्हणून न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मत दिले आणि ते नियम रद्द झाले. एवढे महत्त्व असलेले हे पद आहे.

दुसरी गोष्ट, त्या पदावरची व्यक्ती किती दिवस राहते. मुख्य न्यायमूर्ती राज्याबाहेरचे असावेत असे धोरण आहे. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता कलकत्त्याचे, न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय अलाहाबादचे, न्यायमूर्ती आलोक आराधे मध्य प्रदेशचे. न्यायमूर्ती दत्ता डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२३ अखेर न्यायमूर्ती उपाध्याय येईपर्यंत बहुतेक काळ कार्यकारी मुख्य न्यायमूर्तींवर कारभार चालला. मध्ये न्यायमूर्ती रमेश धनुका यांची नेमणूक झाली. ते मुंबईचेच, ज्येष्ठ आणि आदरणीय न्यायमूर्ती. २८ मे २०२३ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि ३० मे रोजी वयोमानानुसार ते निवृत्त झाले. न्यायमूर्ती आराधे जानेवारी २०२५ मध्ये आले आणि ऑगस्ट संपेपर्यंत सर्वोच्च न्यायालयात गेलेही. बाहेरून आलेल्या मुख्य न्यायमूर्तींना इथल्या बारची ओळख व्हायला काही महिने जातात, आणि नावे सुचवण्याचे काम त्यांच्याच हातात असते. बाहेरच्या व्यक्तीमुळे ओळखीपाळखीचा दबाव कमी होतो हे मला मान्य आहे, पण मग त्यांना किमान दोन वर्षे तरी द्यावीत.

बदल्यांचा उल्लेखही हवा. याच न्यायालयातून पुढे गेलेल्या न्यायमूर्ती विजया ताहिलरामाणी मद्रासच्या मुख्य न्यायमूर्ती होत्या. ७५ मंजूर पदांच्या त्या न्यायालयातून २०१९ मध्ये त्यांची मेघालयाला, जिथे तेव्हा जेमतेम तीन न्यायमूर्ती होते, बदली सुचवली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. अनुच्छेद २२२ खालच्या या अधिकाराची कारणे त्या वेळी जाहीर केली गेली नाहीत.

सांताक्लारावासी

मी बरीच वर्षे कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाची पद्धत थोडक्यात सांगतो. तिथे सात न्यायमूर्ती असतात. गव्हर्नर नाव सुचवतात, राज्य बारचा एक आयोग त्या नावाचे मूल्यमापन करतो, आणि मुख्य न्यायमूर्ती, राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल व अपील न्यायालयाचे ज्येष्ठतम पीठासीन न्यायमूर्ती अशा तिघांची समिती जाहीर सुनावणी घेऊन त्याला मान्यता देते. पुढे मतदार ‘या न्यायमूर्तींना पदावर ठेवावे का’ या प्रश्नावर हो किंवा नाही असे मत देतात. पूर्ण मुदत बारा वर्षांची असते. १९८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी अशा मतदानात पदावरून गेले. फाशीच्या शिक्षा रद्द करणारे त्यांचे निकाल हा त्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. मला त्या पद्धतीतली जाहीर सुनावणी आवडते, पण मतदान अजिबात आवडत नाही. महाराष्ट्रात असे काही आणावे असे मी सुचवत नाही.

फोर्टकर

जाहीर सुनावणीलाही माझा विरोध आहे, आणि तो मी गांभीर्याने मांडतो. नाव सुचवल्यानंतर ते नाकारले गेले आणि कारणे जाहीर झाली, तर त्या वकिलाला दुसऱ्या दिवशी त्याच न्यायालयात, त्याच न्यायमूर्तींपुढे उभे राहायचे असते. त्याच्याविषयी इंटेलिजन्स ब्युरोच्या अहवालात आलेली ऐकीव माहिती कायमची छापून राहते आणि तिला उत्तर देण्याचे व्यासपीठ त्याच्याकडे नसते. ऑक्टोबर २०१७ पासून कॉलेजियमचे ठराव कारणांसह संकेतस्थळावर येऊ लागले, तेव्हा हे प्रत्यक्ष घडले. मुंबईतील नामवंत वकील आधीच न्यायमूर्तिपद नाकारतात, कारण न्यायमूर्तींचे दरमहा सव्वादोन लाख रुपये वेतन त्यांच्या उत्पन्नापुढे अगदीच तुटपुंजे असते. त्यात जाहीर मानहानीची शक्यता आली, तर चांगली माणसे होकारच देणार नाहीत.

वैदर्भी

मग राजकीय पार्श्वभूमीचे काय? २०२५ मध्ये मुंबईसाठी एका पक्षाच्या प्रवक्त्या राहिलेल्या वकिलांची शिफारस झाली तेव्हा महाराष्ट्रात बरीच टीका झाली. अशा वेळी कारणे न सांगता गप्प राहिले, तर संशय वाढतो आणि नियुक्त झालेल्या व्यक्तीवरही अन्याय होतो.

कृष्णाकाठ

वैदर्भी, कायद्याची बाजू अशी आहे की न्यायालये पात्रता आणि योग्यता यांत फरक करतात. अनुच्छेद २१७ मधील पात्रता नसेल तर नेमणुकीला आव्हान देता येते. योग्यतेचा निर्णय कॉलेजियमचा, त्यात न्यायालय शिरत नाही. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी मद्रासच्या एका नेमणुकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. पक्षाशी संबंध राहिलेली व्यक्ती चांगली न्यायमूर्ती होऊच शकत नाही, असे मला वाटत नाही; केरळच्या १९५७ च्या मंत्रिमंडळात मंत्री असलेले कृष्णा अय्यर पुढे केवढे मोठे न्यायमूर्ती झाले. मात्र पक्षाचे पद आणि शिफारस यांत किती अंतर असावे, याचा लिखित निकष हवा. तो नसल्यामुळे प्रत्येक वेळी व्यक्तीवर चर्चा होते.

फोर्टकर यांच्या आक्षेपात मला तथ्य दिसते, आणि म्हणून माझी मागणी मी अधिक नेमकी करतो. कारणे जाहीर करू नका, नाकारलेली नावेही गुप्त ठेवा. पण तारखा जाहीर करा. प्रत्येक न्यायमूर्तींच्या निवृत्तीची तारीख त्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी ठाऊक असते. ९४ पदांपैकी प्रत्येक पदापुढे एवढेच लिहावे : पद कधी रिकामे झाले किंवा होणार आहे, उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने प्रस्ताव कधी पाठवला, राज्य सरकारचे मत कधी आले, केंद्राने तो पुढे कधी पाठवला, शिफारस कधी झाली, नेमणूक कधी झाली. नाव फक्त शेवटी, नेमणुकीनंतर. यात कोणाची मानहानी होत नाही, आणि फाइल नेमकी कोणाच्या टेबलावर थांबली आहे हे सोलापूरच्या पक्षकारालाही दिसते. जुना बेंच क्लार्क यांनी सांगितलेले नुकसान, म्हणजे जिल्हा न्यायाधीशाच्या कारकिर्दीतून कापली जाणारी दोन वर्षे, तीही अशा तक्त्यात आपोआप उघड होतील.

हे काही मी नव्याने शोधून काढलेले नाही. २० एप्रिल २०२१ रोजी पी.एल.आर. प्रोजेक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्या आहेत : इंटेलिजन्स ब्युरोने चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यावा, त्यानंतर आठ ते बारा आठवड्यांत केंद्राने शिफारस पुढे पाठवावी आणि फेरशिफारस झाली तर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक करावी. सुंदरेसन यांची नेमणूक या निकालानंतरच्या काळातली आहे, हे लक्षात घ्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ पासूनच्या शिफारशींची यादी संकेतस्थळावर टाकली. कोण महिला, कोण कोणत्या सामाजिक प्रवर्गातील, कोणाचे न्यायमूर्तींशी नाते आहे, हेही त्यात दिले. म्हणजे इच्छा असली तर माहिती देता येते. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र कॉलेजियमच्या बैठकीतील चर्चा माहितीच्या अधिकारात मिळणार नाही असा निकाल झाला. मी चर्चा मागत नाही, मी तारखा मागतो आहे.

जुना बेंच क्लार्क

तारखांच्या तक्त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. न्यायालयात प्रत्येक प्रकरणाच्या रोजनाम्यात तारीख आणि तहकुबीचे कारण लिहिले जाते. नेमणुकीच्या फाइलला रोजनामा नसावा हे पटत नाही. एक व्यावहारिक प्रश्न : पदे भरेपर्यंत कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील जुन्या फौजदारी अपिलांचे काय करायचे? कित्येक अपिलांतील आरोपी अजून तुरुंगात आहेत.

कृष्णाकाठ

त्यासाठी अनुच्छेद २२४अ आहे. मुख्य न्यायमूर्ती राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने निवृत्त न्यायमूर्तींना काही काळासाठी पुन्हा काम करण्याची विनंती करू शकतात. ही तरतूद बरीच वर्षे जवळजवळ न वापरता पडून होती. २० एप्रिल २०२१ च्या लोकप्रहरी प्रकरणातील निकालाने तिच्या वापरासाठी अटी घातल्या. त्यांपैकी रिक्त पदे वीस टक्क्यांहून जास्त असण्याची अट ३० जानेवारी २०२५ च्या आदेशाने तात्पुरती बाजूला ठेवण्यात आली. आता मंजूर संख्येच्या दहा टक्क्यांपर्यंत असे न्यायमूर्ती घेता येतात, आणि पदावरील न्यायमूर्तींच्या सोबत बसून त्यांनी फौजदारी अपिले ऐकावीत असे त्या आदेशात म्हटले आहे. आपल्या न्यायालयापुरते बोलायचे तर ९४ च्या दहा टक्के म्हणजे नऊ. त्यांतील दोघे जरी कोल्हापूरला मिळाले, तरी जन्मठेपेविरुद्धच्या अपिलांसाठी आणखी दोन द्विसदस्यीय खंडपीठे बसू शकतात, अर्थात सोबतचे दोन पदावरील न्यायमूर्ती मिळाले तर. सहाही जिल्ह्यांच्या बार असोसिएशननी मिळून हे निवेदन मुख्य न्यायमूर्तींकडे द्यावे असा प्रस्ताव मी आमच्या बारच्या पुढील सर्वसाधारण सभेत मांडतो आहे. मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकतो. सातारा आणि रत्नागिरीच्या सदस्यांनी आपापल्या जिल्ह्यातील प्रलंबित फौजदारी अपिलांची माहिती तोपर्यंत जमवून ठेवावी, ही विनंती.